कुठे पडणार सांगा, पण चूक किती तेही सांगा

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. कोविडनंतर निर्बंध नुकतेच उठले होते. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास उत्तर महाराष्ट्र आणि विदर्भावरून पेटते तुकडे रांगेने सरकताना दिसले. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत चाळीसेक किलोचं धातूचं कडं पडलं, आसपास गोळेही सापडले. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने वेळ आणि मार्ग ताडून पाहिला: फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या चँग झेंग ३ बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा.

डोंबिवलीत पदार्थविज्ञान शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे सोसायटीत मलाच विचारणा. ‘सर, मंगळावर यान नेतात, मग हे कुठे पडणार ते कळत नाही?’

कळतं, पण उशिरा. हे धूड सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतं. लाडबोरी डोंबिवलीपासून सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे त्याच्या हिशेबात दीड मिनिट! इंडिकेटर दीड मिनिट चुकला तर आपण लोकलला वेळेवर आली म्हणतो. त्यात विझलेलं रॉकेट कोलांट्या खात येतं, कधी आडवं, कधी उभं, तसा हवेचा रोध बदलतो. सूर्य खवळला की वरची हवा फुगते, रोध आणखी वाढतो. म्हणून उरलेल्या वेळेच्या साधारण १० ते २० टक्के चूक धरतात. दहा तास आधी सांगितलं तर तास-दोन तासांची. तेवढ्यात ते पृथ्वीला जवळपास फेरी घालतं.

मग काय, सावधगिरी म्हणून कल्याण जंक्शन बंद ठेवायचं? नोव्हेंबर २०२२ मध्ये असंच एक चिनी रॉकेट येणार म्हणून स्पेनने काही हवाई हद्द चाळीसेक मिनिटं बंद केली. ते पडलं पॅसिफिकमध्ये. मला तसली धावपळ नको. जिल्हा प्रशासनाने मराठीत संदेश द्यावा: मार्ग कोणत्या पट्ट्यावरून, वेळ अमुक, चूक इतकी. आणि सर्वांत महत्त्वाचं, सापडलेल्या गोळ्याला हात लावू नका, आत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. नुसतं ‘घाबरू नका’ म्हटल्याने पोरं गोळा उचलायची थांबत नाहीत.

खरा इलाज रॉकेट सोडणाऱ्याकडे आहे: थोडं इंधन राखून समुद्रावर नेमकं उतरवणं. इस्रोने मार्च २०२३ मध्ये मेघा-ट्रॉपिक्स हा उपग्रह असाच पॅसिफिकमध्ये उतरवला. तरी चीनला बोल लावताना जरा दमानं घ्यावं. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला चांद्रयान-३ नेणाऱ्या आपल्या रॉकेटचा वरचा टप्पा कुणाच्याही नियंत्रणाविना वातावरणात शिरला. त्याचा अंदाजे ठिकाणा होता उत्तर पॅसिफिक.