कर पंधरा वर्षांचा घेता, मग सुट्या भागांची हमी का देत नाही?

नागपूरच्या नंदनवनात, जगनाडे चौकापासून आत वळल्यावर, एका गॅरेजच्या पत्र्याखाली एक गाडी जॅकवर चढवून ठेवलेली आहे. पुढचे चाक काढले आहे आणि लोअर आर्म सुटा करून वर्तमानपत्रावर ठेवला आहे. त्याचा बुश फाटून लोखंडापासून सुटला आहे. मुठीत मावेल एवढा रबराचा आणि लोखंडाचा हा तुकडा, पण तो मिळत नाही! कंपनीने मॉडेल बंद केले, डीलरने शटर ओढले, आणि आता मिस्त्री दुसऱ्याच गाडीचा बुश लेथवर उतरवून ठोकून बसवतो. काम झाले की मालकाला हात जोडून सांगतो, "भाऊ, हायवेवर जोरात ब्रेक नका मारू, गाडी एका बाजूला खेचते. ओरिजिनल पार्ट भेटतच नाही, मी तरी काय करू?"

ती गाडी कोणत्या कंपनीची, हे येथे गौण आहे. मालकाच्या पाकिटातले आरसीचे कार्ड पाहा. नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध असते. वाहन कर गाडी दारात येण्यापूर्वीच एकरकमी कापून घेतला जातो. महाराष्ट्रात आज दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर तो ११ टक्के आहे. म्हणजे ही गाडी पंधरा वर्षे धावणार, हे सरकारने लेखी मानले आणि त्याचे पैसे आगाऊ घेतले. मग त्याच पंधरा वर्षांसाठी तिचे सुटे भाग पुरवलेच पाहिजेत, असे बंधन गाडी बनवणाऱ्यावर का नाही? २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, ११०-अ कलम आले, सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद झाली. ती चांगलीच झाली. पण बंद केलेल्या मॉडेलचे भाग किती वर्षे पुरवायचे, याबद्दल तिथेही मौन! ग्राहकाला पंधरा वर्षे बांधून ठेवायचे आणि कारखानदाराला मोकाट सोडायचे, याला आम्ही उघड लूट म्हणतो. या लुटीत सरकार भागीदार आहे.

अबार्थ पुंटोचे उदाहरण घ्या. फियाटने ती ऑक्टोबर २०१५ मध्ये आणली. किंमत ९.९५ लाख, १.४ लिटरचे टी-जेट टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. त्या किमतीत एवढी ताकद देणारी दुसरी हॅचबॅक तेव्हा या देशात नव्हती. आणि ती बनत होती आपल्याच शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या कारखान्यात, मराठी कामगारांच्या हातून. दशक संपेपर्यंत पुंटो बंद झाली, आणि १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ लागू झाल्यावर फियाट हे नाव भारतातल्या नव्या गाड्यांवरून पुसले गेले. जानेवारी २०२१ मध्ये विलीनीकरण होऊन कंपनी स्टेलांटिस झाली. रांजणगावचा कारखाना मात्र चालूच आहे, जीप कंपास तिथूनच बाहेर पडते. जुन्या फियाटवाल्यांना सेवा जीपच्या दालनांतून मिळेल, असे सांगितले गेले. पण सांगणे वेगळे आणि दालनाच्या कपाटात भाग असणे वेगळे! २०१६ साली घेतलेल्या अबार्थची आरसी २०३१ पर्यंत वैध आहे, आणि तिचा मालक आजच भागांसाठी दारोदार फिरतो आहे.

डिझेल पुंटोवाला निदान तरून जातो. त्याचे १.३ मल्टिजेट इंजिन मारुतीने स्विफ्टला लावले, टाटांनी व्हिस्टाला लावले. त्यामुळे इंजिनाचे कितीतरी सामान कोणत्याही बाजारात मिळते. टी-जेटच्या नशिबी ते नाही. ते इंजिन इथे आले ते लिनिया टी-जेट आणि अबार्थ अशा मोजक्या गाड्यांतून. संख्या थोडी, म्हणून दिल्लीच्या काश्मिरी गेटचा किंवा मुंबईच्या कुर्ल्याचा व्यापारी त्याचा माल भरत नाही. टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर ही या इंजिनाची जीवनरेखा. बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिन संपते. म्हणून मालक तो इटलीहून, ब्रिटनहून मागवतो, कुरियरचे भाडे भरतो, वर सीमाशुल्क भरतो. बंपर, हेडलाइट, इथल्या रस्त्यांसाठी बसवलेले सस्पेन्शन तर युरोपातही सापडेलच असे नाही. मग एक साधा धक्का बसून हेडलाइट फुटला तरी गाडी महिनोन्महिने उभी. दुरुस्तीचा खर्च विमा किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की विमा कंपनी 'टोटल लॉस'चा शिक्का मारून मोकळी होते, आणि धडधाकट इंजिनाची गाडी भंगारात जाते.

यावर काही शहाणे म्हणतील, ही हौशी पोरांची वेगवान खेळणी, त्यांची कसली चिंता करता? त्यांना आम्ही ठणकावून सांगतो की वेगवान गाडीलाच अस्सल भागांची गरज सर्वांत जास्त असते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, ताशी १२० ची मर्यादा, आणि तो सुरू होतो तो याच नागपुरातून. त्या वेगात लेथवर घासून बसवलेला बुश निसटला, बनावट ब्रेक पॅड तापून पकड सुटली, तर बळी फक्त हौशी चालकाचा जाईल काय? शेजारच्या गाडीतल्या माय-लेकरांचे काय? अस्सल मालाचा दुष्काळ पडला की नकली माल पिकतो. खोट्या खोक्यात, खोट्या होलोग्रामखाली विकला जाणारा ब्रेक पॅड हा त्याच दुष्काळाचा धंदा आहे.

आणि हे फक्त फियाटचे नाही. जनरल मोटर्सने २०१७ अखेर इथली विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचा कारखानाही बंद केला. क्रूझसारख्या दमदार डिझेल गाडीचे मालक मागे राहिले. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी साणंद आणि चेन्नईत गाड्या बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. आज परकीय कंपनी निघून जाते, उद्या देशी कंपनी एखादे मॉडेल गुपचूप गुंडाळेल. कायद्यात फरक शून्य!

पूर्वी असे नव्हते. यामाहाची आरएक्स १०० मोटारसायकल १९९६ साली बंद झाली, पण तिचे सिलिंडर किट, क्लच प्लेटा आजही नागपुरात हातोहात मिळतात. कारण तिच्या भागाची प्रत कुणीही कसबी कारागीर काढू शकत होता, तिच्यावर कुलूप नव्हते. आजच्या गाडीत इंजिनाचा संगणक, किल्ली आणि इमोबिलायझर एकमेकांशी कोडने बांधलेले असतात. भंगारातून तुम्ही अस्सल संगणक मिळवलात तरी कंपनीच्या यंत्रावर कोड जुळवल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. डीलर गेला की ते यंत्रही गेले. आमच्या मिस्त्र्याचे कसब अपुरे नाही. त्याच्या हातात पाना आहे, पण कुलूप कंपनीच्या ताब्यात आहे.

हे सरकारला ठाऊक नाही असे कुणी म्हणू नये. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना, त्यांत फियाट, फोर्ड, जनरल मोटर्स, टाटा, मारुती, महिंद्र, सगळ्यांना दोषी धरले. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रे खुल्या बाजाराला न देता स्वतःच्या वर्चस्वाचा गैरवापर केला, हा गुन्हा. दंड २,५४४ कोटी रुपयांवर. कंपन्या अपिलात गेल्या, वर्षामागून वर्षे उलटली. नंदनवनच्या गॅरेजपर्यंत त्या आदेशातला एक बुशसुद्धा पोहोचला नाही! जुलै २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये त्याचे पोर्टल उघडले, त्यात मोटारींचाही समावेश केला. पोर्टलने चाक फिरत नाही. सक्तीचा कायदा लागतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने मोटार दुरुस्तीच्या हक्काचा कायदा २०१२ सालीच केला. आम्ही अजून संकेतस्थळे उघडत बसलो आहोत.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री २०१४ पासून याच नागपूरचे खासदार आहेत. म्हणून नितीन गडकरी यांना आमचे थेट सांगणे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक नियम घाला. शेवटची गाडी विकल्यापासून पंधरा वर्षे कंपनीने सुटे भाग पुरवावेत, आणि ते जमत नसेल तर भागांची रेखाचित्रे, मोजमापे आणि संगणकाचे कोड प्रमाणित उत्पादकांच्या हवाली करावेत. प्रत्येक गाडीमागे अनामत रक्कम आधीच ठेवून घ्या, म्हणजे देश सोडून जाणाऱ्यालाही हिशेब द्यावा लागेल. भाग बनवणारे हात येथेच आहेत. हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रशाळा आहेत, खुद्द नंदनवनात केडीके अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. रेखाचित्र द्या, बुश नागपुरातच बनेल.

मंत्रालय हलेपर्यंत मालकांनी हातावर हात ठेवून बसू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येते. नंदनवनच्या माणसाला पुण्याला खेटे घालायचे कारण नाही. मोजलेली किंमत पाच ते दहा लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगाचे शुल्क २०० रुपये आहे. कलम ३५ खाली एकाच गाऱ्हाण्याचे अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने मिळून एकच तक्रार करू शकतात. डीलरचा 'भाग उपलब्ध नाही' हा शेरा तोंडी घेऊ नका, लेखी घ्या, तारखेसह घ्या, कारण तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. नागपूर जिल्ह्यातल्या बंद मॉडेलांच्या मालकांनी असे कागद या महिन्यातच गोळा करायला लागावे, आणि एकत्र येऊन आयोगाच्या दारात उभे राहावे.