एकटीने जा, दोघांचे भाडे द्या!

आमच्या नागपूरला समुद्र नाही. झीरो माइलचा दगड आहे, अंबाझरी आहे, फुटाळा आहे आणि पावसाळ्यात भरून वाहिली तर नाग नदी आहे. तेव्हा जहाजाच्या प्रवासाविषयी नागपूरच्या बाईने लिहावे, हे वाचून आमचे मुंबईकर नातेवाईक गालातल्या गालात हसतील. हसोत बापडे! पण एक गंमत त्यांनीही ध्यानात घ्यावी. 2014 ते 2019 या काळात देशाचे नौवहन खाते आमच्या नितीन गडकरींकडे होते, आणि 20 ऑक्टोबर 2018 रोजी मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ बोट सुरू झाली तेव्हा तिच्या उद्घाटनाला गडकरी आणि देवेंद्र फडणवीस, दोघेही नागपूरकर, हजर होते. माझ्या वडिलांनी ती बातमी कात्रीने नीट कापून डायरीत ठेवली होती. खरे तर हा सगळा प्रकार त्या कात्रणापासूनच सुरू झाला.

बाबा विद्युत मंडळातून निवृत्त झालेले. आयुष्यात एकदाच ते बोटीत बसले होते, 1971 मध्ये. मित्राच्या लग्नाला भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीला. डेकवर वळकटी पसरायची, घरून नेलेली दशमी-चटणी खायची, बोट लागली तर कठड्याशी जाऊन उभे राहायचे आणि रत्नागिरी आली की मोठ्या बोटीतून छोट्या मचव्यात उतरून किनारा गाठायचा! जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले... बाबा ही नावे शाळेतल्या पाढ्यासारखी म्हणत. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ अशी नावे घेतली की आजही कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत चमक येते. पुढे रस्ते झाले, एस.टी. आली आणि 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण होण्याच्या आधीच त्या बोटी गेल्या. गरिबाचे वाहन गेले. आणि आता तोच समुद्र श्रीमंती थाटात परत आला आहे, त्याचे नाव क्रूझ.

लग्नाला पन्नास वर्षे होणार म्हणून बाबांनी ठरवले, आईला एकदा समुद्रावर न्यायचे. सिंगापूरहून निघणारी तीन रात्रींची सफर, दोघांची मिळून एक केबिन. सहा महिने आधी पैसे भरले. जाहिरातीतला आकडा ऐकून आम्ही सगळे म्हणालो, अरे वा, एवढ्यात होते? बाबांनी मात्र सवयीप्रमाणे डायरीत दोन रकाने आखले, ‘सांगितलेले’ आणि ‘लागलेले’. दुसऱ्या रकान्यात बंदराचा कर, व्हिसा, विमा, परदेशी सहलीवर कापून घेतलेला टीसीएस (तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण आज तर खिशातून जातोच), जहाजावरची ग्रॅच्युइटी अशी भर पडत गेली. ‘ग्रॅच्युइटी’ हा शब्द वाचून बाबा खो खो हसले होते. म्हणाले, “अरे, आम्हाला ती चौतीस वर्षं घासल्यावर मिळाली. इथं तीन रात्रींतच द्यावी लागते!” बेरीज झाली तेव्हा दुसरा रकाना पहिल्याच्या जवळजवळ दीडपट भरला होता.

2024 च्या ऑगस्टमध्ये, निघायला 52 दिवस उरले असताना, बाबा गेले.

तेरावे झाल्यावर मी सहल ठरवून देणाऱ्या संस्थेला फोन केला. कुठली संस्था, कुठले जहाज, ते इथे लिहीत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही, धंद्याच्या रीतीचा आहे. फोनवरची मुलगी फार गोड बोलली. तिने सांगितले, साठ दिवसांच्या आत रद्द केले तर निम्मे भाडे कापले जाते. मृत्यूचा दाखला दिला तरी? हो मॅडम, नियम तोच. बरे, मग आई एकटी जाईल. तर म्हणाली, केबिनचा दर ‘ट्विन शेअरिंग’चा, म्हणजे दोघांनी मिळून राहण्याचा आहे, एकटी व्यक्ती राहणार असेल तर दुसऱ्याच्या भाड्याइतकी रक्कम वर भरावी लागेल. मी कागद घेऊन बसले. आईचे एक भाडे, रिकाम्या जागेचे एक भाडे आणि बाबांचे कापलेले अर्धे. बाबा असते तर दोन भाडी, बाबा नाहीत तर अडीच! मी तो हिशेब तीन वेळा केला. तीनही वेळा तोच आला.

मग मी विचारले, बाबांच्या जागी मी गेले तर? खोली तीच, पलंग तोच. उत्तर आले, नाव बदलता येत नाही. जुने रद्द करून नवे आरक्षण करावे लागेल, आजच्या दराने.

आपल्या भारतीय रेल्वेला आपण सगळेच नावे ठेवतो. मीही ठेवते. विदर्भ एक्सप्रेस उशिरा सुटली की सगळ्यात मोठा आवाज माझा असतो. पण त्याच रेल्वेत, गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी अर्ज केला तर पक्के झालेले तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको यांपैकी कुणाच्याही नावावर करून मिळते. युरोपात 2015 च्या पर्यटन-निर्देशानुसार सहलीची जागा दुसऱ्याला देण्याचा प्रवाशाला हक्कच आहे. सात दिवस आधी कळवले तरी पुरते, आणि संस्थेला त्यासाठी जो खरा खर्च येईल तेवढाच घेता येतो. मग बापाची जागा लेकीला द्यायला अडचण कसली? अडचण ही की, सहा महिन्यांत भाव चढलेला असतो आणि जुन्या भावाचा माणूस मेला तर धंद्याला ते सोयीचे पडते. हे वाक्य कडू आहे, पण खोडावेसे वाटत नाही.

दुसरी बाजू मला कळत नाही असे नाही. जहाज हे हॉटेलसारखे आहे, शिवाय ठरल्या दिवशी ते निघून जाते. ऐन वेळी रिकामी राहिलेली केबिन पुन्हा विकता येत नाही. लोक गंमत म्हणून आरक्षण करतील आणि आदल्या दिवशी रद्द करतील, तर कुणी धंदा करावा? तेव्हा रद्द केल्याचा दंड असावा, वाढत जाणारा असावा, हेही मान्य. पण मरणाला आणि लहरीला एकच कलम लावणे, हा हिशेबाचा नव्हे, आळसाचा प्रकार आहे. आणि एकट्याच्या भाड्याचे म्हणाल, तर खोलीचा खर्च दोघांचा, हे समजू शकते. पण न आलेला माणूस जेवतो का? चार वेळच्या बुफेत त्याचे ताट कोण उचलते? 2010 मध्ये ‘नॉर्वेजियन एपिक’ या जहाजावर एकट्या प्रवाशांसाठी मुद्दाम लहान केबिनी बांधल्या होत्या. म्हणजे एकटा माणूसही प्रवास करतो, हे जहाजवाल्यांना ठाऊक आहे. आपल्याकडच्या जाहिरातींत मात्र नेहमी नवरा-बायको, दोन मुले आणि पाठीमागे सूर्यास्त.

शेवटी मी गेले. आजच्या दराने, नव्या आरक्षणाने. भाऊ पुण्याहून म्हणाला, राहू दे ना, पैसे बुडाले असे समज. पण आई म्हणाली, “त्यांनी भरले होते, मी पाहून येते.” एवढेच.

जहाजाविषयी चांगले लिहायला हवे, कारण ते चांगलेच होते. दहा-बारा मजली वाडाच जणू पाण्यावर चाललेला! चढल्याबरोबर आधी सगळ्यांना सुरक्षेच्या कवायतीला बोलावले. गळ्यात जॅकेट, कुठल्या नौकेपाशी जमायचे ते दाखवले. बरेच प्रवासी कंटाळले होते, पण मी मुकाट्याने ऐकले. 2012 च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडली, 32 माणसे गेली, आणि त्या जहाजावर नव्याने चढलेल्या कित्येकांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर जगभरचा नियम बदलला. आता निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी कवायत सक्तीची आहे. आपल्याकडे 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, ते आजही अलिबागकडचे लोक विसरलेले नाहीत. जिवाचे नियम असे माणसे बुडाल्यावर सुधारतात. पैशाचे नियम मात्र कितीही पैसे बुडाले तरी तसेच!

वरच्या डेकवर पहाटे आई कठड्याला धरून उभी राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, “काहून गं, एवढं पाणी, अन् प्यायचं तेवढं इकत?” खरेच होते. जेवणघरात पाणी फुकट, पण खोलीत ठेवलेली बाटली फोडली की खात्यात रक्कम चढते. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, एक कार्ड असते, आणि कार्डाने केलेला खर्च दुखत नाही, तो शेवटच्या रात्री दाराखालून बिल सरकल्यावर दुखतो. इंटरनेट वेगळे, डॉक्टर वेगळा. आईला बोट लागली, तिथल्या डॉक्टरने एक गोळी दिली. तेवढ्या पैशांत धरमपेठेतल्या आमच्या डॉक्टरांनी आम्हा चौघांना वर्षभर तपासले असते. ज्येष्ठांनी विम्याशिवाय जहाजावर पाऊल ठेवू नये, आणि विम्यात ‘प्रवास रद्द’ हे कलम आहे का, ते भिंग लावून वाचावे. आमच्या विम्यात नव्हते.

आणि ती ग्रॅच्युइटी. माणशी, दर रात्रीची, न विचारता खात्यात टाकलेली. भारतात उपाहारगृहांनी सेवाशुल्क आपणहून बिलात टाकू नये, असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ते उचलून धरले. मी तावातावाने खालच्या काउंटरवर निघाले होते, ती रक्कम काढून टाकायला. तिथे तसे काढून देतात म्हणे. पण आमची केबिन पाहणारा मुलगा निघाला गोव्याचा, सासष्टीकडचा. तो कोकणीत बोले, आई आपल्या नागपुरीत, आणि दोघांचे छान जमले. त्याची मुलगी पाच महिन्यांची होती आणि तिला त्याने अजून फक्त फोनवर पाहिले होते. पगार किती, हे त्याने सांगितले नाही. एवढेच म्हणाला की घरी जाते ती टिपच. मी काउंटरवर गेले नाही. आईने त्याला संत्रा बर्फीचा पुडा दिला. पण मुद्दा उरतोच: त्याचा पगार मालकाने तिकिटाच्या किमतीत धरावा आणि उघड सांगावा. जाहिरातीत किंमत कमी दिसावी म्हणून त्याचा पगार माझ्या दयेवर का सोडायचा? अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात 1 जुलै 2024 पासून सक्तीचे सगळे आकार धरूनच किंमत सांगावी लागते, आणि क्रूझ कंपन्यांनी बंदराचे कर जाहिरातीच्या आकड्यात घेतले. जहाजे त्यामुळे बुडाली नाहीत.

परत आल्यावर मी अटींचा कागद सावकाश वाचला. तंटा झाल्यास न्यायालय परदेशातले. यावरून अमेरिकेतला एक जुना खटला वाचनात आला. वॉशिंग्टन राज्यातल्या शूट नावाच्या दाम्पत्यापैकी बाई मेक्सिकोजवळ जहाजावर पाय घसरून पडल्या. तिकिटाच्या बारीक अक्षरांत लिहिले होते, दावा लावायचा तर फ्लोरिडात, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. 1991 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे सुदैवाने 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा वेगळा आहे. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, ‘अन्याय्य करार’ ही संज्ञाच कायद्यात आहे, तशी तक्रार राज्य आयोगापुढे जाते आणि त्याचे खंडपीठ आपल्या नागपुरात बसते. सहल ठरवून देणारी संस्था इथली, पैसे इथे भरलेले. माझा अर्ज तयार आहे.

आता सरकारचे म्हणाल तर उत्साह दांडगा आहे. 30 सप्टेंबर 2024 रोजी ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर झाले, 2029 पर्यंत प्रवासी दुप्पट करायचे आहेत. 2025 च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत बॅलार्ड पिअरला नवे टर्मिनस झाले. धक्के बांधावेत, जरूर बांधावेत. पण त्याच कागदावर तीन ओळी प्रवाशासाठी लिहिता येणार नाहीत का? जाहिरातीत पूर्ण किंमत. घरातल्याच्या नावावर जागा. मरण आले तर पैसे परत.

इकडे आईच्या भिशीत ही सगळी कथा सांगून झाली आणि त्यातून भलतेच निघाले. भिशीतल्या ज्या एकट्या आहेत, त्यांनी ठरवले की आपण आपसांत जोड्या लावून जायचे. खोली दोघींची, भाडे दोघींचे, वर एक पैसा नाही! कोण घोरते, कोणाला पहाटे चारला चहा लागतो, यावर दोन बैठका झाल्या. जोड्याही लागल्या. फक्त त्या पाच जणी आहेत, आणि पाचवीचे काय करायचे, यावर बोलणे अडले आहे.