माळ म्हणजे पडीक नव्हे

पाऊस सुरू झाला की एक सरकारी सोहळा ठरलेला. माळावर जेसीबी येतो, खड्डे पडतात, मंडप उभा राहतो, पाहुणे रोपाला पाणी घालतात, फोटो निघतो. १ जुलै २०१६ या एका दिवसासाठी राज्याने २ कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले होते. पुढच्या तीन वर्षांना ४, १३ आणि ३३ कोटी असे मिळून ५० कोटींचे उद्दिष्ट ठरले. झाडाला आमचा विरोध असण्याचे कारणच नाही. बांधावर, ओढ्याकाठी शेतकरी पिढ्यान् पिढ्या झाडे लावत आला, जगवत आला. त्यासाठी त्याला कुणाचे भाषण ऐकावे लागले नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे : खड्डा कुठे पाडता?

ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती पडीक, असा हिशेब इंग्रजांच्या महसूल खात्याने केला. इंग्रज गेला, हिशेब राहिला. आजही माळरान सरकारी नकाशात पडीक म्हणूनच रंगवले जाते, आणि पडीक म्हटले की तिथे काहीही करायला सगळे मोकळे.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वर्षाला ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. जमीन मुरमाड, थर उथळ. तिथे मारवेल, कुसळी, पवन्या वाढते आणि मधूनमधून बाभूळ, बोर, हिवर उभे राहते. पूर्वी इथे घनदाट जंगल होते, ते धनगराच्या मेंढरांनी खाल्ले, असे शाळेपासून ऐकवले जाते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी ग्रंथ, कथा आणि लोकगीते तपासली. त्यांत पश्चिम महाराष्ट्राच्या या पट्ट्याचे जे वर्णन सापडते ते मोकळ्या गवताचे आणि काटेरी झाडांचेच आहे. म्हणजे माळ हे मेलेले जंगल नव्हे. माळ हा माळच होता.

या गवतांना भरपूर ऊन लागते. दाट गिरिपुष्प किंवा निलगिरी लावली की सावलीत गवत मरते. त्याच्या तंतुमुळांनी धरलेली माती सुटते, पावसाचे पाणी मुरायचे ते वाहून जाते. हवेत कर्बवायू वाढला की गवतापेक्षा झाडाझुडपांना जास्त फायदा होतो. म्हणजे बदलत्या हवामानात माळावर आधीच झुडपांचे आक्रमण वाढण्याचा धोका आहे. त्यात आपण हाताने भर घालतो आहोत.

मग हा अट्टाहास कशासाठी? २०१५ साली पॅरिस कराराच्या वेळी भारताने २०३० पर्यंत वाढीव झाडोऱ्यातून २५० ते ३०० कोटी टन कर्बवायू शोषण्याचे वचन दिले. धूर शहरांचा आणि कारखान्यांचा, खड्डे मात्र गायरानात. दुखणे हाल्याला, औषध पखालीला! शिवाय गवताळ जमिनीतला कर्बाचा मोठा साठा मुळांत आणि मातीत असतो. वरून झाडे मोजणाऱ्याला तो दिसत नाही, आणि जेसीबी तोच उकरतो.

माळ राखायचा म्हणून रेघा ओढणे हाही उपाय नव्हे. १९७९ साली माळढोकासाठी सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनी अडकल्या. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर शेतकरीही नाडला गेला आणि माळढोकही राज्यातून जवळजवळ नाहीसा झाला.

आणि दोष सारा सरकारचाच, असे म्हणून आम्ही हात झटकणार नाही. कॅनॉलचे पाणी आले, बोअर लागली, तेव्हा माळ नांगरून ऊस लावणारे आपल्यातलेच होते. गायरानाच्या कडेने एकेक तास आत सरकणारा नांगरही आपलाच. दुष्काळात चारा छावणीपुढे रांग लागते तेव्हा त्या नांगराची आठवण ठेवली पाहिजे. आपल्या रिकाम्या रानात मेंढरे बसवणारा धनगर उन्हाळ्यात खत देऊन जातो. त्याची चराई बंद झाली तर नुकसान त्याच्या एकट्याचे नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष चराऊ कुरणांचे आणि पशुपालकांचे म्हणून जाहीर केले. त्या निमित्ताने भाषणे ऐकण्यापेक्षा जिल्हा बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय गायरानात एकही खड्डा पाडू द्यायचा नाही. रोपे आली तर ती बांध, ओढा, रस्ता आणि शाळेचे आवार इथे लावून घ्यायची. आणि प्रत्येक गावाने आपल्या माळावर कोणते गवत आहे, कुणाची जनावरे कधी चरतात, याची नोंद स्वतः करून दप्तरी लावायची.

कागदावर पडीक लिहिलेले खोडायला दुसरे कुणी येणार नाही.