अरबीचे हेल आणि शुद्धतेचा हट्ट

मोरोक्कोची बोली, म्हणजे दारिजा, ऐकली की कैरोचा माणूस हात टेकतो. मग ठरलेलं विधान येतं: बर्बरांच्या, म्हणजे अमाझिघांच्या, संगतीनं तिथली अरबी बिघडली, मूळ अरबी सूर उरलाच नाही. शिकलीसवरलेली माणसंही हे बोलतात, म्हणून त्याचा समाचार घेणं भाग आहे.

मूळ सूर म्हणजे नेमका कोणता? आठव्या शतकात वैयाकरण सीबवैहनं ‘अल्-किताब’मध्ये वर्णांची उच्चारस्थानं बारकाईनं नोंदवली, पण शब्दात जोर कुठे द्यायचा, याचे नियम जुन्या वैयाकरणांनी दिलेच नाहीत. लिपीतही जोर दिसत नाही. शाळेला अरबीत ‘मद्रसा’ म्हणतात. दमास्कसमध्ये जोर ‘मद्’वर पडतो, कैरोत ‘र’वर. कैरोचा मास्तर प्रमाण अरबीतला उतारा वाचतानाही ‘र’वरच जोर देतो. ज्या ग्रांथिक अरबीच्या नावानं बोलींना नापास करायचं, तीच स्थानिक हेलात ऐकू येते! मग बिघाड मोजला कोणत्या पट्टीनं?

विरोधक इतिहासकार इब्न खल्दूनला साक्षीला आणतात. १३७७ च्या ‘मुकद्दिमा’त मगरिबची, म्हणजे वायव्य आफ्रिकेची, अरबी बर्बरांच्या मिसळीनं मुळापासून फार दुरावली, असं तो म्हणतो खरं. पण वैयाकरणांना त्यानं त्याच ग्रंथात फटकारलंही आहे: आपल्या काळच्या बेदुइनांच्या बोलीतले विभक्तिस्वर गळाले तरी अर्थ पोचवण्यात ती उणी नाही, शोधले तर तिचेही नियम सापडतील. हा भाग मात्र सोयीस्करपणे गाळला जातो.

संपर्काचा ठसा मला पूर्ण मान्य आहे. ग्रांथिक अरबीतल्या ‘कतब’चं दारिजात ‘क्तेब’ होतं. शेजारच्या ताशल्हित या अमाझिघ भाषेत तर अख्खे शब्द स्वराविना उभे राहतात. ऱ्हस्व स्वर गेले की आघाताची बैठकही हलणारच. कैरोच्या वाक्यात जवळजवळ प्रत्येक अर्थवाही शब्दावर सुराची खूण असते, हे भाषाशास्त्रज्ञ सॅम हेलमुथ यांनी २००६ च्या प्रबंधात दाखवलं. दारिजात शब्दाला ठरलेला आघात आहे की नाही, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. दोन्हीकडे व्यवस्था आहे, फक्त वेगळी.

कैरोवाल्याला दारिजा कळत नाही, पण मोरोक्कोच्या माणसाला कैरोची बोली बऱ्यापैकी कळते. इजिप्तचे चित्रपट आणि गाणी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या कानांवर पडत आली आहेत. कानाला सवय नाही, त्याचं खापर अमाझिघांवर फोडणं हा उघड अन्याय आहे.