घास घशाखाली उतरतो का?

छत्तीसगडमधील पाच वर्षांखालील ३१.३ टक्के बालके कमी वजनाची असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने नोंदवले. या आकड्यामागे एक प्रश्न दडला आहे, असे मला वाटते. रायपूरच्या अंगणवाडीत पूरक आहार मिळूनही एखादे मूल खंगत असेल, तर कारण केवळ अन्नटंचाई असेलच असे नाही.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेक मुलांना चावणे, गिळणे कठीण जाते. घास श्वासनलिकेत गेला, तर न्यूमोनिया संभवतो. एकेका जेवणाला तास लागतो. मजुरीवर जाणाऱ्या आईने तो आणायचा कुठून? सरकारी निकष बालकाला रोज ठरावीक उष्मांक देतो, तीव्र कुपोषिताला त्याहून अधिक. मात्र हा हिशेब ताटापर्यंतचा आहे, पोटापर्यंतचा नव्हे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या विकाराचा समावेश आहे. म्हणून माझी अपेक्षा माफक आहे : वजनाबरोबरच सेविकेने ‘जेवायला किती वेळ लागतो?’ हेही विचारावे. उत्तर अर्ध्या तासाहून अधिक असेल, तर बालकाची तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी आणि त्याला आधार देऊन, बसते करून कसे भरवावे, हे आईला शिकवले जावे. त्याविना वाढीव आहारही वाया जाईल.