याला म्हणतात गोठा!

"काय गोठा करून ठेवलायस खोलीचा!" गेल्या रविवारी आई फ्लॅटवर आली आणि दारातच हे वाक्य. तुमच्याही घरी ऐकू येतं ना? मी लॅपटॉपवरची नजर न हलवता "हो गं, आवरते" म्हटलं. पण मनातल्या मनात मी गोठ्याची बाजू घेत होते. कारण असा एक गोठा आहे, ज्याच्यापुढे आपली चकाचक ऑफिसं पाणी भरतील.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हॅनकॉकला शेकर पंथाची वस्ती होती. ब्रह्मचर्य पाळणारी, सगळं सामायिक मानणारी, नीटनेटक्या कामालाच उपासना समजणारी मंडळी. १८२६ मध्ये त्यांनी दुभत्या गाईंसाठी दगडी गोठा बांधला. तोही चक्क गोल!

हौस म्हणून नव्हे हं. टेकाडाच्या उताराचा फायदा घेऊन गवताची गाडी थेट वरच्या मजल्यावर यायची. गोल फिरता फिरता मधल्या मोकळ्या जागेत गवत टाकायचं आणि आलेल्याच दारातून बाहेर. गाडी रिव्हर्स घ्यायची भानगडच नाही! (घोडे जुंपलेली गाडी मागे घेणं म्हणजे काय दिव्य, ते गाडीवानालाच ठाऊक.) खालच्या मजल्यावर त्या गंजीभोवती तब्बल ५२ गाई, सगळ्यांची तोंडं मध्याकडे. वैरण घालणारा मधे उभा. एका गव्हाणीपासून दुसरी दोन पावलांवर.

१८६४ मध्ये आग लागली. आतलं लाकूडकाम खाक झालं, दगडी भिंती तेवढ्या उरल्या. शेकरांनी गोठा पुन्हा उभारला, तोही गोलच. पटलेली गोष्ट माणूस सहज सोडत नाही.

मला यात काय आवडलं सांगू? बांधणाऱ्यांनी आधी काम करणाऱ्याच्या पायांचा विचार केला. आमचं ऑफिसही मध्यंतरी 'रीडिझाइन' झालं. काचेच्या भिंती, रंगीत बीनबॅग, झकास कॉफी मशीन. पण एकच प्रेझेंटेशन अजूनही पाच जणांकडे जातं आणि पाच वेळा मागे येतं. म्हणजे गाडी रिव्हर्समध्येच! मग आपण रात्री नऊपर्यंत बसतो, उरलेलं घरी आणतो आणि त्याला 'डेडिकेशन' म्हणतो. शेकर कमी कष्टाळू होते का? मुळीच नाही. पण कामाचा दिवस संपला की प्रार्थनेला जमायचे आणि प्रार्थनेत चक्क नाचायचे. शेवटचं कधी नाचला होता तुम्ही?

पुढे शेकरांची संख्या घटत गेली. १९६० मध्ये ती वस्ती संपली, तिथे म्युझियम झालं. गोठा अजून उभा आहे.

आई त्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. जाताना खोली लख्ख होती. अर्थात, तिनंच आवरली होती. बस सुटल्यावर लक्षात आलं, दिवसभरात आमचं धड बोलणं असं झालंच नाही. तिचं ते एक वाक्य आणि माझं "आवरते".

येत्या रविवारी लॅपटॉप कपाटात जाणार. आईला फोन केलाय, "ये गं, गोठा बघायला!"