ईस्ट कोस्टवरून : शाळेची भिंत

दिवाळी अंकासाठी हे पान लिहायला बसले की संपादकांचा निरोप ठरलेला असतो, ‘काहीतरी हलकंफुलकं येऊ द्या.’ गेल्या वर्षी मी न फुललेल्या चकल्यांवर लिहिलं होतं. यंदा दगडी भिंतीवर लिहिते आहे. सांभाळून घ्या.

तारीख 30 सप्टेंबर 2009. मरीन परेडच्या आमच्या एकोणिसाव्या मजल्यावर मी कुकर लावत होते. संध्याकाळचे सव्वासहा झाले होते. आधी वाटलं, मलाच चक्कर आली. मग पाहिलं तर खिडकीतली मनीप्लँटची बाटली हलत होती आणि बैठकीतला दिवा झोके घेत होता. मुलीला उचललं आणि जिन्याने खाली धावले. खाली अर्धी इमारत जमली होती. कुणी चप्पल विसरलं होतं, एक आजी पोपटाचा पिंजरा घेऊन उभ्या होत्या. थोड्या वेळाने बातमी आली. सुमात्रातल्या पाडांगजवळ 7.6 रिश्टरचा भूकंप झाला होता. साडेचारशेहून अधिक किलोमीटर लांबच्या त्या धक्क्याने आपल्या उंच इमारती डोलल्या. लांबून येणाऱ्या संथ लाटा मऊ जमिनीत आणखी वाढतात, आणि आपला ईस्ट कोस्ट तर बराचसा समुद्र बुजवून केलेला.

आपल्याकडे कपसुद्धा फुटला नाही. पाडांगमध्ये अकराशेहून जास्त माणसं गेली. शाळा सुटल्या होत्या, पण एक शिकवणीचा वर्ग चालू होता, ती इमारत मुलांवर कोसळली. आपली मुलं सव्वासहाला कुठे असतात ते तुम्हाला सांगायला नको.

आजूबाजूचे लोक पाडांगबद्दल बोलत होते आणि माझ्या डोक्यात तारीख फिरत होती. 30 सप्टेंबर. आमच्या भागात ही तारीख कुणी विसरत नाही.

1993 साली मी सातवीत होते. आमचं गाव उमरगा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. मिरवणूक संपवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमिनीतून ट्रकसारखा आवाज आला. अण्णांनी आम्हा दोघा भावंडांना अक्षरशः अंगणात फेकलं. आमचं माळवद उभं राहिलं, मागची भिंत गेली. किल्लारी, सास्तूर या बाजूला काय झालं ते उजाडल्यावर कळत गेलं. सुमारे आठ हजार माणसं गेली, बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. त्याआधी हा सगळा भाग नकाशावर भूकंपापासून सर्वांत सुरक्षित पट्ट्यात मोडत होता.

दुपारी अण्णा मला घेऊन शाळेत गेले. ते तिथेच शिक्षक होते. निजामाच्या काळातली दगडी शाळा, वर पत्रे, पुढे लांब ओसरी. आमच्या वर्गाच्या उत्तरेकडच्या भिंतीचा आतला अर्धा भाग निखळून खाली आला होता. बाहेरचा अर्धा तसाच उभा. दगडांचा ढीग नेमका मुलींच्या रांगेवर पडला होता. माझं बस्कर त्याखाली होतं. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी हजेरीपट काढला, धूळ झटकली आणि काखेत मारला.

सात तासांनी तिथे घंटा होणार होती.

हा सात तासांचा हिशेब पुढे मी जगभर पाहत गेले. 1933 च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात लाँग बीचला भूकंप झाला. संध्याकाळचे सहा वाजत आलेले, शाळा रिकाम्या. कितीतरी शाळा जमीनदोस्त झाल्या. तिथल्या लोकांनी त्या रिकाम्या वर्गांचा धडा घेतला आणि महिन्याभरात शाळांच्या बांधकामासाठी वेगळा कडक कायदा केला. भुजचा भूकंप 2001 च्या प्रजासत्ताक दिनी सकाळी पावणेनऊला आला. अंजारच्या अरुंद गल्लीतून प्रभातफेरीला निघालेली मुलं दोन्ही बाजूंच्या भिंतींखाली सापडली. 2005 साली मुझफ्फराबादच्या बाजूला तो आला सकाळी 8 वाजून 50 मिनिटांनी, शाळा भरलेल्या असताना. तिथे हजारो मुलं वर्गातच गेली. आम्ही वाचलो ते घड्याळामुळे. भिंतीमुळे नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. दोन वर्षांपूर्वी आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठराव आला: जुनी दगडी इमारत पाडायची आणि दुमजली आरसीसी इमारत बांधायची. पुण्या-मुंबईची मुलं, दुबईतले दोघं, मी इथली. प्रत्येक वर्गाला देणगीदाराचं नाव द्यायचं. माझ्या डोळ्यांसमोर लगेच अण्णांच्या नावाची संगमरवरी पाटी आली. मी पहिला होकार दिला. खरं सांगायचं तर पाटीपेक्षाही मला तो दगड नको होता. आमच्या पिढीला दगडाची भीती बसली आहे. भूकंपानंतर कित्येक वर्षं लोक धडधाकट दगडी घर सोडून पुढच्या पत्र्याच्या खोलीत झोपत.

मोडता घातला माझ्याच भावाने. दादा गावातच असतो, शेती बघतो.

“पाडायची कशाला? तीस वर्षं उभीच हाय की.”

“दादा, माझ्या बस्करावर ती भिंत पडली होती. तू विसरलास?”

“विसरलो नाही. पण अर्धीच का पडली, ते तू कधी विचारलंस का कुणाला?”

नव्हतं विचारलं. मग लातूरहून एका तरुण इंजिनिअर मुलीला बोलावलं. तिने ओसरीत बसून व्हिडिओ कॉलवर आम्हाला तासभर शिकवलं. आपल्याकडची दोन-अडीच फुटांची दगडी भिंत एकसंध दिसते, पण असते दोन भिंतींची: एक आतला पडदा, एक बाहेरचा, मध्ये माती आणि दगडांच्या कपच्या. भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत पोचणारे लांब दगड अधूनमधून घातले तर दोन्ही पडदे एकमेकांना धरून राहतात. जुन्या जाणत्या गवंड्यांना हे माहीत होतं. पुढे लांब दगड महाग पडू लागला, घडवायला वेळ लागू लागला आणि तो गाळला गेला. जमीन हलली की मधली माती खाली दबते, पाचरीसारखी दोन्ही पडद्यांना बाहेर ढकलते आणि भिंत दुभंगते. त्यात डोक्यावर दोन फूट मातीचं माळवद असलं तर बोलायलाच नको. “दगडानं मारलं नाही मॅडम,” ती मला म्हणाली, “सुट्या दगडानं मारलं.”

उपाय भूकंपानंतर लगेच, 1994 पासून याच भागात करून दाखवले गेले होते. दोन्ही बाजूंनी पहारीने हळूहळू दगड सैल करून भिंतीला आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. झाला नवा आरपार दगड. असे साधारण चार-चार फुटांवर घ्यायचे. दारं-खिडक्यांच्या वरून साऱ्या खोलीला सळईचा आणि जाळीचा सलग पट्टा बांधायचा, पेटीला दोरी बांधावी तसा. कोपऱ्यांना उभी जाळी. छताच्या कैच्या एकमेकींना आणि भिंतींना बांधायच्या. दर्जा मात्र चुन्यानेच भरायच्या, कारण चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आत अडकते.

मग हे सगळीकडे का झालं नाही? सरकारने कमी पडझड झालेल्या गावांत घरं मजबूत करायला मदत दिली होती. बहुतेकांनी त्यात शेजारी विटांची नवी खोली बांधली. आमच्याही घरी तेच झालं. नवी खोली दिसते. भिंतीतली सळई दिसत नाही.

मला क्राइस्टचर्च आठवलं. 2018 साली मुलांना घेऊन गेलो होतो. तिथल्या जुन्या कँटरबरी कॉलेजच्या दगडी इमारती, जिथे रदरफर्ड शिकला, 2011 च्या फेब्रुवारीतल्या भूकंपात खिळखिळ्या झाल्या. लोकांनी त्या पाडल्या नाहीत, आतून बळकट करून एकेक पुन्हा उघडत नेल्या. त्यांचं मोठं सभागृह 2016 साली उघडलं. मी त्यात उभी राहून कौतुकाने फोटो काढले होते. आणि स्वतःच्या शाळेला मात्र जेसीबी लावायला निघाले होते! निजामाच्या राज्यात मराठीतून शिकायला शाळा मिळणं किती मुश्कील होतं, ते अण्णा सांगत. स्वामी रामानंद तीर्थांनी जिथे शिकवलं ती हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आमच्याच पट्ट्यातली. आमची शाळा तेवढी नामवंत नाही. पण गावात शंभरीकडे झुकलेलं सार्वजनिक असं दुसरं आहे काय?

मी माझा होकार मागे घेतला. ग्रुपवर दोन महिने वादावादी झाली. एकाने सरळ विचारलं, “सळईवर नाव कुठे घालणार?” तो देणगीदार गळाला, त्याच्याबरोबर आणखी चौघे. पैशांचाही घोळ होता. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांची देणगी सरळ जाते. आमच्यासारख्या लाल पासपोर्टवाल्यांचे पैसे परदेशी ठरतात, ते घ्यायला संस्थेकडे वेगळी नोंदणी लागते. ती नव्हती. शेवटी आमच्या घरचा वाटा दादाने त्याच्या सोयाबीनच्या पैशांतून उचलला. त्याने तो कधी बोलून दाखवला नाही, म्हणून मी इथे लिहिते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत काम सुरू झालं आणि मे महिन्यात संपलं. खर्च नव्या इमारतीच्या निम्म्याहून कमी आला. चारपैकी तीन खोल्या वाचल्या. चौथीचं जोतं खचलेलं निघालं, ती उतरवावीच लागली. तो अण्णांचा वर्ग होता. तिचे दगड ओसरीच्या पायऱ्यांना वापरले. तीन खोल्यांत मिळून एकशे अठरा सळया बसल्या. जूनमध्ये मी जाऊन आले. उत्तरेच्या भिंतीवर हात फिरवला, पण गिलाव्याखाली एकही हाताला लागली नाही. त्या भिंतीला टेकून सातवीच्या मुली डबा खात होत्या. त्यातली एक म्हणाली, “मावशी, भिंतीत काय शोधताय?”

डिसेंबरात तुमच्यापैकी निम्मे भारतात जाल. हुरडा, लग्नं, साड्यांची खरेदी होईलच. एक सकाळ आपल्या शाळेसाठी काढा. भिंत पोटाला फुगली आहे का, कोपऱ्याला उभी भेग आहे का, दारांवरून सलग पट्टा गेला आहे का, कैच्या भिंतींना बांधल्या आहेत का, एवढं पाहा. शंका आली तर पाटीचं बोलण्याआधी इंजिनिअरला बोलवा. आणि वर्ग भरलेला असेल तर मुलांना खाऊ न्यायला विसरू नका.

शुभ दीपावली!